कालव्याकाठची सायकल आणि पगारी रजा

सायकल आपल्या माणसाला नवी नाही. गिरणीच्या पाळीला जाणारा कामगार, दुधाचे कॅन वाहणारा गवळी, गावोगाव टपाल पोचवणारा पोस्टमन, तालुक्याच्या शाळेत शिकायला जाणारी पोरे, या सर्वांनी सायकलच चालवली. परंतु ती पोटासाठी आणि शिक्षणासाठी चालवली. आठ दिवसांची रजा काढून, कुठेही वेळेवर पोचायचे नाही, अशा मोकळ्या मनाने कालव्याच्या काठाने आणि द्राक्षमळ्यांतून सायकल चालवत जाणे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे रिकामटेकड्यांची चैन समजली जाते. खरोखर ती चैन आहे काय? या सफरीला दोनच गोष्टी लागतात. सर्वांना मोकळी असलेली वाट आणि मजुरी न बुडता मिळणारी सुट्टी. या दोन्ही गोष्टी कोणाच्या कृपेने मिळत नाहीत. त्यांच्यामागे घामाचा आणि लढ्याचा इतिहास असतो. तो पाहायचा असेल तर दक्षिण फ्रान्समधील 'कनाल द्यू मिदी' या कालव्याकडे पाहिले पाहिजे.

तुलूझ या शहरापासून भूमध्य समुद्राला लागून असलेल्या 'तो' या खाऱ्या सरोवरापर्यंत हा कालवा सुमारे २४० किलोमीटर वाहतो. तो सिंचनासाठी नव्हे, तर नावांतून माल आणि माणसे नेण्यासाठी खोदला गेला. इंजिन नव्हते त्या काळी नावा घोड्यांकडून दोराने ओढल्या जात. घोड्यांना चालायला काठाने वाट केलेली होती. आज त्याच वाटेवरून सायकली धावतात. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे. पुढे मातीची पायवाट लागते आणि झाडांच्या मुळांवरून चाक उडते. तरीही चढ फारसा नाही, कारण पाण्याला चढता येत नाही. जिथे उंची बदलते तिथे 'लॉक' आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेले पाण्याचे हौद. नाव आत घेऊन दरवाजा लावायचा आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वर किंवा खाली न्यायचे. बेझिए शहराजवळ फोंसेरान येथे असे हौद पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले आहेत. रोज पन्नास किलोमीटर चालवले तर पाच दिवसांत समुद्र येतो. तिथले जाणते लोक तुलूझहून समुद्राकडे जायला सांगतात, कारण 'सेर्स' नावाचा वायव्येचा जोरदार वारा तेव्हा बहुधा पाठीशी असतो. कारकासोन मागे पडले की दोन्ही अंगांना मिनेर्वोआ आणि कोर्बिएर या भागांतले द्राक्षमळे सुरू होतात. या वाटेवर फाटक नाही आणि तिकीटही नाही. कालव्यात फिरायला नाव भाड्याने घ्यायची तर खिसा भरलेला लागतो. सायकलवाल्याला भाकरी आणि पाण्याची बाटली पुरते.

हा कालवा कोणी बांधला? पुस्तके सांगतात, पिएर-पॉल रिके याने. तो मिठावरील कर गोळा करणारा श्रीमंत अधिकारी होता. राजा चौदावा लुई याने १६६६ साली परवानगी दिली आणि १६८१ साली कालवा खुला झाला. रिके त्याआधी काही महिनेच, १६८० साली मरण पावला. बेझिएमध्ये त्याचा पुतळा आहे. पण फावडे कोणी चालवले? कामाच्या ऐन भरात सुमारे बारा हजार मजूर राबत होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. चंद्रा मुखर्जी या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 'इम्पॉसिबल इंजिनिअरिंग' या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या स्त्रियांकडे लक्ष वेधले आहे. पायरिनीज डोंगरातील खेड्यांत पाणी वळवण्याची, चर काढून ते उतारावरून खेळवण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. ही विद्या शिकलेल्या इंजिनिअरांपाशी नव्हती. ती या अडाणी ठरवलेल्या शेतकरी बायकांपाशी होती आणि तिच्याविना हे काम तडीस गेले नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्ञान कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न केवळ आपल्याच देशात पडतो असे नाही.

याच कामावरची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रिकेने मजुरांना महिन्याचा पगार बांधून दिला. पाऊस पडून काम बंद राहिले, रविवार आला, सण आला, मजूर आजारी पडला, तरी त्या दिवसाचे पैसे कापले जात नसत. त्याच्या अंगी दयेचा पाझर फुटला होता म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. शेतीचा हंगाम आला की मजूर खोदकाम टाकून निघून जात. त्यांना धरून ठेवायचे होते. मजुराची गरज पडली की मालकाला खाड्याचेही पैसे देता येतात, हे सतराव्या शतकातच सिद्ध झाले होते. तो मजुराचा हक्क म्हणून कायद्यात यायला मात्र पुढे अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

आता मळ्यांकडे वळू. या भागातील धान्य आणि वाइन कालव्यातून बाहेर जाऊ लागली. १८५७ साली बोर्दोहून भूमध्य समुद्रावरील सेत बंदरापर्यंत रेल्वे झाली. पुढे १८५८ ते १८९८ अशी चाळीस वर्षे कालवा रेल्वे कंपनीच्याच ताब्यात होता. ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच हाती किल्ली! रेल्वेमुळे वाइन उत्तरेच्या औद्योगिक शहरांत पोचली आणि लांगदॉक प्रांतात जिकडे तिकडे द्राक्षवेल पसरली. एकाच पिकावर सारा प्रदेश उभा राहिला की काय होते, हे लवकरच दिसले. अमाप उत्पादन झाले, त्यात साखर घालून बनवलेली भेसळीची वाइन बाजारात आली आणि भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजी कालव्याजवळच्या आर्जेलिए गावातून ८७ जण दाद मागायला नार्बोन शहराकडे निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा द्राक्षउत्पादक होता आणि गावात कॅफे चालवीत असे. तीन महिन्यांत, ९ जूनला, माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक माणसे जमली. पंतप्रधान क्लेमांसो याने सैन्य धाडले. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार होऊन सहा जण ठार झाले. ते ऐकून सतराव्या पायदळ पलटणीचे सुमारे पाचशे जवान बंड करून आग्दहून बेझिएला चालत गेले. हे जवान त्याच मुलखातले होते. आपल्याच आईबापांवर बंदूक रोखायला त्यांनी नकार दिला. पुढे त्यांना ट्युनिशियातील गाफ्सा येथे पाठवण्यात आले.

या उठावात मळेवाला आणि मळ्यातला मजूर एका झेंड्याखाली आले होते. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला तो भेसळ रोखण्याचा. तो आवश्यकच होता. परंतु मजुराच्या दिवसाचे काय? तीनच वर्षांपूर्वी, १९०४ साली, याच मळ्यांतील मजुरांनी मजुरीसाठी संप केले होते. पिकाला भाव मिळाला म्हणजे पीक काढणाऱ्यालाही न्याय मिळाला, असे होत नाही. आपल्याकडील शेतीच्या प्रश्नावर बोलताना हा फरक नेहमी सोयीस्करपणे विसरला जातो.

सायकलीला सुट्टी मिळाली ती १९३६ साली. त्या वर्षी मे आणि जून महिन्यांत लाखो फ्रेंच कामगारांनी संप केले, कारखान्यांतच ठाण मांडले. लेऑं ब्लुम यांच्या आघाडी सरकारने २० जून १९३६ च्या कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्यापाठोपाठ चाळीस तासांचा आठवडा केला. लेओ लाग्रांज यांच्याकडे क्रीडा आणि फुरसतीचे खाते सोपवले गेले. कामगारांसाठी रेल्वेचे तिकीट चाळीस टक्क्यांनी स्वस्त झाले आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्यांनी तो पाहिला. कित्येक जण सायकलीवर तंबू बांधून निघाले, नवराबायको दोन बैठकींच्या सायकलीवर बसून निघाले. कामगारांना फुरसत दिली तर ते ती वाया घालवतील, अशी भीती तेव्हाच्या प्रतिष्ठितांना वाटत होती. समुद्रकिनारा आपल्या बापाचा असे समजणाऱ्यांनी नाकेही मुरडली. पण दोन आठवड्यांची रजा १९५६ साली तीन आठवडे, १९६९ साली चार आणि १९८२ साली पाच आठवडे झाली. आज त्या काठावर जो साधा नोकरदार सायकल चालवताना दिसतो, तो या रजेवर स्वार झालेला असतो.

मात्र चाळीस तासांचा तो आठवडा कारखाने आणि व्यापार यांच्यापुरता होता. द्राक्षमळ्यातला मजूर त्याच्या बाहेर राहिला. तोडणीच्या हंगामात स्पेनमधून हजारो मजूर येत आणि काम संपले की परत जात. कायदा बांधावर येऊन थांबतो, शेतात उतरत नाही.

आपल्या देशातही हेच घडले. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कालवे आणि जलवाहतूक यांचा विचार करणारा केंद्रीय आयोग १९४५ साली त्यांच्याच खात्याने स्थापन केला. त्याच वर्षी कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ साली आठवड्याचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आले. विश्रांती ही मेहरबानी नसून कामाच्या मोबदल्याचाच भाग आहे, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले. पण नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला आणि डिपिंगला पेठ-सुरगाण्याहून येणारी आदिवासी कुटुंबे आजही रोजंदारीवर किंवा उक्त्या कामावर असतात. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. त्यांच्या पावसाच्या दिवसाचा हिशेब कोण ठेवतो?

त्या फ्रेंच कालव्यावरील मालवाहतूक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबली. पण सरकारने तो बुजवला नाही आणि काठ विकून टाकला नाही. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. काठावरील सुमारे ४२ हजार प्लेन वृक्षांना २००६ साली बुरशीचा असाध्य रोग लागल्याचे आढळले. तेव्हापासून हजारो झाडे तोडून जाळावी लागली आणि त्यांच्या जागी सार्वजनिक पैशातून निरनिराळ्या जातींची नवी झाडे लावली जात आहेत. ज्यांनी ती लावली त्यांना त्यांची सावली मिळणार नाही, ती पुढच्या पिढीला मिळेल.

आपल्याकडेही आता द्राक्षबागा दाखवण्याचे पर्यटन आले आहे. बागेतल्या खोलीत उतरणाऱ्या पाहुण्याविषयी कोणाची तक्रार नाही. पण एखाद्या प्रदेशाची प्रगती मोजायची तर तिथे किती पाहुणे आले एवढेच मोजून भागणार नाही. त्या बागेत छाटणी करणारी बाई वर्षातून आठ दिवस मजुरी न बुडवता, आपल्या लेकरांना घेऊन, त्याच पाटाच्या काठाने हिंडायला निघू शकते काय, हे विचारले पाहिजे. आज तरी ती निघू शकत नाही. ज्या दिवशी ती निघेल, त्या दिवशी पगारी रजेचा कायदा खऱ्या अर्थाने बांध ओलांडून शेतात उतरला, असे म्हणता येईल.