कॅपिबाराला हवे ऊन पाणी आणि सोबत

दक्षिण अमेरिकेतील नदीकाठ व पाणथळ कुरणे हे कॅपिबाराचे मूळ वसतिस्थान. उंदीर-घुशींच्या कृंतक गणातील हा सर्वांत मोठा प्राणी असून त्याचे वजन ५० किलोंपेक्षाही अधिक भरते.

जपानमधील इझू शाबोतेन प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून हिवाळ्यात कॅपिबारांना ऊन पाण्याचे स्नान दिले जाते. सफाईच्या वेळी साचलेल्या ऊन पाण्यात हे प्राणी गोळा होत असल्याचे तेथील कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले होते. पर्यटकांना या दृश्याची मौज वाटत असली, तरी विरळ केसांच्या या उष्णप्रदेशीय प्राण्याची ती गरज आहे.

ऊब मिळाली म्हणजे सारे झाले असे नाही. धोका जाणवताच पाण्यात बुडी मारणे हा कॅपिबाराचा स्वभाव असल्याने त्याला खोल तळे लागते. तो कळपाने राहणारा असल्याने सोबतही हवी. आयुष्यभर वाढणारे त्याचे दात झिजण्यासाठी भरपूर गवत आवश्यक असते. शिवाय गिनीपिगप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ताजा चारा न मिळाल्यास त्याला स्कर्व्ही जडू शकतो.

कॅपिबारा शांत दिसतो. मात्र या गोष्टी पुरवल्याखेरीज तो सुखी आहे, असे मानता येणार नाही.