ऐक, इस्राएला!

‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तक्रार कानांची नसते. म्हणूनच हिब्रू बायबलमधला ‘शेमा’ हा शब्द मला परका वाटत नाही. शेमा म्हणजे ऐक. आणि ऐकणे म्हणजे मानणेही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या (भाषांतर नव्हे, नावच तसे!) सहाव्या अध्यायात देव एकच असल्याचे सांगणारे वचन याच शब्दाने सुरू होते. ज्यू भाविक ते सकाळ-संध्याकाळ म्हणतात, डोळ्यांवर हात ठेवून. मरणाच्या दारातही तेच.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवणारे ‘शनवार तेली’, शतकांच्या ओघात हिब्रू जवळजवळ विसरले. शेमा मात्र राहिला. सुंता, लग्न, अंत्यविधी, सगळीकडे तोच. पोथी जवळ नव्हती. मुलांनी तो वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला.