पांजरीची पऱ्हाटी

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की विमानतळाला लागूनच मिहान हा औद्योगिक प्रकल्प सुरू होतो. विमानांची दुरुस्ती, सॉफ्टवेअर कंपन्या, एम्स आणि मार्च २०२५ पासून संत्र्यावर प्रक्रिया करणारा पतंजलीचा कारखाना, अशी त्याची आजची ओळख. याच रस्त्यावर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. १९७६ साली ती नागपुरात स्थापन झाली. जमिनींचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्थाही त्याच वर्षी नागपुरात उभी राहिली. या दोन संस्थांचं वय एक असणं योगायोग असेल, पण त्यांचे विषय एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पांजरीची संस्था कापसाची म्हणून ओळखली जाते. माझ्या मते तिचं सर्वांत मोलाचं काम पाण्याचं आहे, आणि आपल्या जलतज्ज्ञांच्या यादीत तिथल्या शास्त्रज्ञांची नावं यायला हवीत.

जलतज्ज्ञ म्हटलं की आपल्याला विश्वेश्वरय्या आठवतात. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे आठवतात. नीरा कालव्यावर मोजकं पाणी जास्त शेतांना पुरावं म्हणून त्यांनी आखलेली ब्लॉक पद्धत फारशी आठवत नाही. खरं तर मोजकं पाणी जास्तीत जास्त पिकाला कसं लावायचं, हाच त्यांचा प्रश्न होता. पुढे डॉ. एन. जी. दास्ताने यांनी तोच प्रश्न पावसाला विचारला. पडलेल्या पावसातला किती पाऊस पिकाच्या खरोखर कामी येतो, यावरचा त्यांचा ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७४ मध्ये काढला. विदर्भातल्या बहुतांश कपाशीला कालवा माहीत नाही. तिथे दास्ताने यांचा प्रश्नच शेतकऱ्याचं वर्ष ठरवतो.

या प्रश्नाचं उत्तर काळ्या मातीत आहे. मे महिन्यात भारी रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि ओल आत कोंडली जाते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल अशी दीडशे मिलिमीटर ओल साठली, तर ते पंधरा लाख लिटर झाले. मुरमाड, हलक्या जमिनीत त्याचा तिसरा हिस्साही राहत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कपाशी रोज तीन-चार मिलिमीटर ओल ओढते. म्हणजे पाऊस परतल्यावर भारी जमिनीकडे चाळीसेक दिवस असतात, हलकीकडे जेमतेम दोन आठवडे. बोंड भरायचा काळ नेमका हाच.

जुनी गावरान कपाशी हे गणित सांभाळून होती. हिंगणघाटची बनी एकोणिसाव्या शतकात नावाजली होती; गावरान जातींची मुळं खोल जातात, पाण्याचा ताण त्या सोसतात. पुढे गिरण्यांना लांब धागा हवा झाला, अमेरिकन कपाशी पसरली आणि १९७० मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. ती कामगिरी मोठीच होती. पण संकरित बियाणं महाग, म्हणून झाडं विरळ लावायची. विरळ झाड पसरतं, त्याला बोंडं भरपूर आणि बराच काळ लागत राहतात. ओलिताच्या शेतात हे साधतं. कोरडवाहूत मात्र शेवटची बोंडं भरायच्या आत खालची ओल संपलेली असते.

पांजरीने यावर सघन लागवडीचा मार्ग काढला. डॉ. केशव क्रांती संचालक असताना तिने जोर धरला. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं बसतात. ६० बाय १० वर एक लाख सहासष्ट हजार. सूरजसारख्या आटोपशीर, लवकर येणाऱ्या सरळ वाणाच्या प्रत्येक झाडाने आठ-दहाच बोंडं द्यायची, पण ती सगळी ओल असेतोवर भरायची. पीक लवकर उलंगलं की फरदड राहत नाही आणि गुलाबी बोंडअळीचं हिवाळ्यातलं अन्नही तुटतं. धरण न बांधता हंगामच पाण्याच्या मापाने कापून घेणं, हे मला अस्सल जलनियोजन वाटतं. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून दर दोन ओळींमध्ये सरी पाडायची, ही विदर्भातली शिफारसही त्याच विचारातली. हातभर दोरीने परतीचा पाऊस शिवारातच मुरतो.

कुणी म्हणेल, हे सगळं सिंचनाच्या अनुशेषावर पांघरूण घालणं आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, त्याचं पाणी मागायचं सोडून शेतकऱ्याला ओल मोजायला का सांगता? आक्षेप रास्त आहे. कालव्याचा हक्क सोडू नयेच. मात्र सगळे कालवे पूर्ण झाले तरी विदर्भातली सगळी कपाशी त्यांच्याखाली येणार नाही, आणि भारी काळ्या जमिनीत पाणी साचलेलं कपाशीला चालतही नाही. ओल मोजायची विद्या दोन्हीकडे लागणार.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: वाण इतका उपयोगी, तर शिवारात तो दिसत का नाही? बीटी जनुक असलेले सरळ वाणही संस्थेने पुढे आणले, तरी २००२ मध्ये बीटी आल्यापासून बाजार संकरित पाकिटांचाच राहिला. दाट पेऱ्याला आवरायला वाढरोधक फवारावं लागतं, तणाला आणि वेचणीला मजूर लागतात, हेही खरं. पण मूळ अडचण बियाण्याच्या तोलात आहे. संकरिताच्या विरळ लागवडीला हेक्टरी दोन-अडीच किलो सरकी पुरते; सघन लागवडीला पंधराएक किलो लागते. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढच्या वर्षी घरचीच पेरू शकतो, म्हणून ती विकण्यात कंपनीला रस नाही. ती पोत्यांनी तयार करून मृगाआधी गावोगाव पोचवणं हे सार्वजनिक बियाणे यंत्रणेचं काम आहे. एकेकाळी नांदेड-४४ हा संकरित वाण सरकारी यंत्रणेनेच महाराष्ट्रभर पोचवला होता.