हौसेच्या हरितगृहाला ऊब हवी, शेगडी नको

दिवाळी सरली, संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटू लागले, की निफाड, चांदवड, दिंडोरी भागातून आम्हा कृषी खात्याच्या माणसांना फोन सुरू होतात. द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न जुनाच, मण्यांना तडे जाण्याचा. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. परसात किंवा मळ्यातल्या घराशेजारी हौसेने दहा बाय बाराचे पॉलिथिनचे घर उभारायचे, त्यात चार ऑर्किड, दोन अँथुरियम, ढोबळी मिरचीची नि टोमॅटोची रोपे लावायची, असे करणारी मंडळी आता गावोगाव दिसतात. थंडी पडली की ती विचारतात, "साहेब, आत हीटर लावू का?"

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला मी एकदा घाईत चुकीचे उत्तर दिले होते. तेच आधी सांगतो.

२०१८ च्या डिसेंबरअखेरची गोष्ट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता, दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आल्या होत्या. निफाड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा सकाळीच फोन आला. म्हणाले, "साहेब, बाहेर तीन अंश आहे आणि माझ्या हरितगृहात दोन. असं कसं होईल?" मी म्हटले, तापमापी बिघडली असेल. आणि वर सल्ला दिला, "गुरुजी, बागेत शेकोट्या करतात तशी रात्री एखादी कोळशाची शेगडी ठेवा आत." त्यांनी ठेवली. पहाटे तीनला पारा बघायला म्हणून आत गेले आणि डोके गरगरून खालीच बसले. काकूंना जाग होती म्हणून बरे. त्यांनी दार उघडून त्यांना ओढत बाहेर आणले. दोन दिवसांनी ऑर्किडच्या कळ्या गळाल्या, टोमॅटोच्या रोपांची पाने खाली मुडपली.

तापमापी बिघडलेली नव्हती. चूक माझी होती.

बागेतली शेकोटी उघड्यावर असते, धूर निघून जातो. बंद कागदाच्या घरात कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत असावा तसा जागेवरच आडवा होतो. त्याच धुरातल्या इथिलीन वायूने कळ्या-फुले झडतात. म्हणून कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, भुशाची चूल, काहीही बंद हरितगृहात ठेवू नये. एका रात्रीपुरतेसुद्धा नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे. आत बाहेरपेक्षा थंड कसे? दिवसा सूर्याची उष्णता कागदातून आत येते, माती आणि झाडे तापतात. रात्री हीच उष्णता आकाशाकडे परत जाऊ लागते. काच तिला बरीचशी अडवते, साधा पॉलिथिन कागद मात्र ती सहज जाऊ देतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आतली उष्णता वर निघून जाते, आणि बाहेरची थोडी उबदार हवा जी झुळुकीने मिसळली असती तीही आत येत नाही. मग आत एखादा अंश कमी भरतो. म्हणजे नुसता कागद ताणला की थंडीपासून बचाव झाला, हा समज सोडावा. (पाळा आणि दवाचा थेट मारा त्याने वाचतो, तेवढे खरे.)

मग हीटर लावला तर? थोडा हिशेब करू. दहा बाय बारा फुटांच्या, सात फूट उंच घराला छत आणि भिंती धरून सुमारे ४० चौरस मीटर कागद लागतो. एकेरी कागदाच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर, सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर ६ अंश असताना आत १२ ठेवायचे म्हटले तर ४० गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे १४०० वॅटच्या वर. दीड किलोवॅटचा हीटर रात्रभर चालू. दहा तासांत चौदा युनिट, आणि अशा चाळीस रात्री धरल्या तर साडेपाचशेच्या वर. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा, ढोबळी मिरची बाजारातून आणलेली स्वस्त पडेल.

म्हणून आधी गळती थांबवावी, ऊब नंतर. आतल्या बाजूने दुसरा पातळ कागद दोन-तीन इंच अंतर सोडून ताणला, तर निसटणारी उष्णता साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होते. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगला येतो तो बुडबुड्यांचा कागद मिळाला तर अधिक चांगले. दाराची फट, कागद जमिनीला टेकतो ती कड, इथे मातीचा भर द्यावा. उत्तरेच्या बाजूने थंडीत ऊन येतच नाही, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. तेव्हा उत्तरेची भिंत कडब्याच्या पेंढ्यांनी किंवा भुसा भरलेल्या गोण्यांनी बाहेरून खुशाल झाकून टाकावी. उन्हाळ्यात बांधलेली हिरवी शेडनेट मात्र काढायला विसरू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जानेवारीत अर्धे ऊन जाळीवर अडवून "आत गरम का होत नाही" विचारणारे भेटतात.

दुसरे काम साठवणुकीचे. पहाटे द्राक्षबागेत विहिरीचे कोमट पाणी सोडतात ना? पाण्याच्या पोटात ऊब राहते, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेच इथे करायचे. दोनशे लिटरचा ड्रम काळ्या रंगाने रंगवून, पाण्याने भरून उत्तरेच्या भिंतीला लावावा, दुपारचे ऊन त्याच्या अंगावर पडले पाहिजे. असा ड्रम दुपारी २४ अंशांना तापला आणि पहाटेपर्यंत १६ ला उतरला, तर तो जवळपास दोन युनिट विजेइतकी उष्णता घरात सोडतो. फुकट. चार ड्रम ठेवले तर सात-साडेसात युनिट, म्हणजे दुहेरी कागद केल्यावर जी गरज उरते त्यातला मोठा वाटा. ढगाळ दिवशी ड्रम तापणार नाहीत, हे धरून चालावे. पण ढगाळ रात्री थंडीही कमी असते. ड्रमऐवजी वीस लिटरचे काळे कॅन रचले तर ते लवकर तापतात. औषधाचे ड्रम मात्र वापरू नयेत. धुतले तरी त्यांचा भरवसा नाही.

मातीसुद्धा ड्रमच आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते, म्हणून पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये, त्याने गारठा आणि करपा दोन्ही वाढतात. दुपारी चार-साडेचारला, ऊन उतरण्याआधी, सगळे पडदे बंद करावेत. आणि सकाळी नऊच्या सुमारास तासभर तरी उघडावेत. कोंडलेल्या दमट हवेत भुरी-करपा घर करतो, थंडी वाचवली आणि रोगाने नेली असे होते.

एवढे करूनही ज्या झाडांना १२-१३ अंशांखाली सोसत नाही, त्यांच्यासाठी घरात घर करावे. गुरुजींनी हेच केले. चार बाय आठ फुटांचा वाफा, त्यावर वाकवलेल्या गजांचा दोन फूट उंच बोगदा, त्यावर पातळ कागद, आणि अंधार पडला की वरून बारदान नाहीतर जुनी गोधडी. एवढ्याशा जागेला शंभर-दीडशे वॅट पुरतात. कोंबडीच्या पिलांना लावतात तो उष्णतेचा दिवा चालतो. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ नाहीच, तेव्हा तो लावून समाधान मानू नये. ओल्या जागेत वायर उघडी नको, जोड वर टांगलेला हवा, आणि वीज गळताच बंद करणारा ईएलसीबी बसवूनच हे करावे. दिवा गोधडीला आणि कागदाला टेकता कामा नये. त्यासाठी भरपूर अंतर ठेवा.

वीज नकोच असेल तर शेणाचा वाफा आहे. दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन ताजे शेण आणि गव्हाचा भुसा ओलसर करून तुडवून भरावा. चार-पाच दिवसांत आत हात घालवत नाही इतका तापतो. तो पहिला कढ ओसरला की वर चार-सहा इंच माती टाकून रोपांचे ट्रे ठेवावेत. दोन-तीन आठवडे खालून मंद ऊब मिळते. नाकाला झोंबणारा वास येत असेल तोवर रोपे ठेवू नयेत, तो अमोनिया कोवळी पाने जाळतो. जनावरे दारात आहेत त्यांना याहून स्वस्त काही नाही, फक्त खड्डा काढायचा कंटाळा येतो. मलाही येतो.

सुरुवात करताना आधी किमान-कमाल तापमापी आणावी. रोपांच्या उंचीवर टांगावी, छताला नाही. आठ दिवस आतला-बाहेरचा आकडा वहीत लिहावा, म्हणजे कोणत्या कामाने किती अंश मिळाले ते आपल्यालाच कळते.

गुरुजींची वही मी गेल्या थंडीत पाहिली. जानेवारीतल्या सर्वांत गार रात्री बाहेर ६, घरात १०, बोगद्यात १३. कळ्या गळालेल्या ऑर्किडपैकी दोन गेलीच, उरलेल्या एकाला पुन्हा फूल आले आहे. गुरुजी अजूनही पहाटे तीनला उठतात. तापमापी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात दिसेल अशी काकूंनी टांगून घेतली आहे.