सोबती चांगले, मग तक्रार कसली?

“माणसं चांगली आहेत ना तिथली? मग टिकून राहा.” नोकरीला वैतागलेल्या मुलाला बुऱ्हाणपुरात घरचे असाच सल्ला देतात. तो मायेपोटी दिलेला असतो. पण त्याच्या मुळाशी काही समज बसले आहेत, आणि ते माणसाला आजारी पाडू शकतात.

गैरसमज : सोबती जिवाभावाचे असले की वरच्याचा त्रास लागत नाही.

तो हलका होतो, एवढे खरे. जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी १९८८ मध्ये स्वीडनमधल्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा बोजा मोठा, कामावर स्वतःचा ताबा नाही आणि सोबत्यांचा आधारही नाही, अशांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार जास्त आढळले. म्हणजे आधाराचे मोल आहेच. पण या तिन्हींपैकी सोबत्यांच्या हाती एवढा आधारच असतो. बोजा किती आणि ताबा किती, हे वरून ठरते.

इथल्या पॉवरलूमवर हे उघड दिसते. मजुरी मीटरवर असते. सूत निकृष्ट आले की धागा सारखा तुटतो, लूम थांबते, मीटर कमी भरतात. शेजारचा कारागीर तुटलेला धागा जोडून देईल, तुम्ही चहाला गेलात तर तुमच्या लूमवर लक्ष ठेवील. पण चांगले सूत मागवणे, मजुरीचा दर वाढवणे किंवा बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) न आल्याने रिकाम्या गेलेल्या तासांचे पैसे देणे त्याच्या हातात नाही.

गैरसमज : काम वेळेवर निघते आहे, म्हणजे व्यवस्थापन ठीक आहे.

मला सर्वांत घातक वाटतो तो हा समज. पाळीवर दोन माणसे कमी असली तरी उरलेले ओढून नेतात. कुणाचे मूल तापाने फणफणले असेल, तर दुसरा त्याची पाळी करतो. दवाखान्यातल्या परिचारिका, शाळेतले शिक्षक, दुकानातली पोरे, सगळीकडे हेच. कागदावर मात्र काम पूर्ण झालेले दिसते आणि रिकामी जागा भरायची गरज वरच्यांना जाणवत नाही. सांभाळून घेण्याची किंमत मग सर्वांत मनमिळाऊ माणूस मोजतो. नाही म्हणणे त्याला जमत नाही, म्हणून जादा पाळी त्याच्याच वाट्याला येते. तो खचला की सगळे हळहळतात; ज्याने माणसे कमी ठेवली त्याला कुणी विचारत नाही.

एकजुटीलाही मर्यादा असते. बुऱ्हाणपुरातल्या लालबागची ताप्ती मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात केंद्र सरकारकडे आली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनच्या इतर गिरण्यांबरोबर तिचीही यंत्रे थांबली. मिल सुरू करा, पगार द्या, अशी मागणी कामगारांनी एकत्र येऊन वारंवार केली. पण मिल चालू करण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता.

गैरसमज : थकणारा मनानेच कच्चा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना ती कामाशी जोडलेली अवस्था मानली. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की ती येते. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत संघटनेने व्यवस्थापकांनाही प्रशिक्षण देण्याची शिफारस केली.

गैरसमज : तक्रार केली की सोबत्यांची अडचण होते.

एकट्याने, रागाच्या भरात केली तर होऊ शकते. पण नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. घटना घडल्यापासून वर्षभरात तिथे अर्ज करता येतो. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे, हे वेतन संहिता सांगते.

सोबत्यांचा खरा उपयोग इथे आहे. जादा पाळ्या कुणी कधी केल्या, पगार कोणत्या तारखेला झाला, लूम किती वेळ का थांबली, हे चौघांनी मिळून एका वहीत लिहावे आणि अर्जावर चौघांनी सह्या कराव्यात.