धरण हवे की नको, यापलीकडे

१९५९च्या मोठ्या पुराने स्नोक्वाल्मी नदीकाठची शेती बुडाली. ही नदी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या पूर्वेला वाहते. पूर अडवण्यासाठी लष्कराच्या अभियंता विभागाने तिच्या मधल्या शाखेवर धरण सुचवले. शेतकऱ्यांनी ते उचलून धरले, पर्यावरणवाद्यांनी कडाडून विरोध केला. गव्हर्नर डॅन इव्हान्स यांनी योजना फेटाळली, तरी वाद मिटला नाही.

१९७४ मध्ये जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी हे मध्यस्थ आले. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि माझ्या मते लोक मोकळेपणाने बोलले ते त्यामुळेच. मध्यस्थांनी घाईने बैठक बोलावली नाही. आधी एकेकाला भेटून विचारले, तुमच्या बाजूने कोण बोलले तर तुम्ही मान्य कराल? बोलणीला कोण बसणार, हे अशा भेटींतून ठरले. हे काम वेळखाऊ असते. पण ज्याला गावच मानत नाही, त्याच्या सहीला किंमत नसते.

मग धरणाचा विषय बाजूला ठेवून प्रत्येकाला नेमके काय हवे, ते विचारले गेले. शेतकऱ्यांना पुरापासून संरक्षण हवे होते आणि शेती टिकवायची होती. पर्यावरणवाद्यांना वाहती नदी हवी होती. शिवाय पुराची भीती गेली की शेतजमिनीवर घरे उभी राहतील, अशी त्यांना धास्ती होती. शहर शेतीवर चालून येऊ नये, हे दोघांनाही हवे होते. सगळी तडजोड या एका धाग्यावर उभी राहिली.

डिसेंबर १९७४ मध्ये सह्या झाल्या. मधली शाखा मोकळी ठेवायची, धरण उत्तर शाखेवर बांधायचे, काही बांध पात्रापासून मागे घ्यायचे आणि पूरपट्ट्यातली शेती विकासापासून राखायची, असे ठरले. मात्र हा करार म्हणजे सरकारला केलेली शिफारस होती. उत्तर शाखेवरचे धरण पुढे झालेच नाही. म्हणून अंमलबजावणी कोण करणार आणि पैसा कुठून येणार, हेही बोलणीत पक्के व्हायला हवे.

आपल्याकडे, म्हणजे भारतात, अशा प्रकल्पांसाठी पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, चित्रीकरण होते, इतिवृत्त पुढे जाते. पण ही सुनावणी आहे, वाटाघाट नव्हे. आणि तोवर जागा बहुधा ठरलेली असते. म्हणून गावाने आधीच जागे व्हावे. या मूल्यांकनाच्या मसुदा अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात मागून वाचा आणि कोणत्या पर्यायी जागा तपासल्या, ते लेखी विचारा.