ओली गादी आणि बापाचा राग

दवाखान्यात अधूनमधून सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पालक येतात. मूल खाली मान घालून उभे असते आणि आई हळू आवाजात सांगते, "डॉक्टर, हा अजून रात्री अंथरुणात शू करतो." यात मुलाचा दोष नाही, असे मी त्यांना समजावतो. पण असे समजावणारा मी स्वतःच्या घरी कसा वागलो, ते आज प्रांजळपणे सांगणार आहे.

माझा धाकटा मुलगा सात वर्षांचा असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, गादी वाळत नव्हती. एके सकाळी माझा तोल गेला. घरी आलेल्या पाहुण्यांसमोरच मी त्याला म्हणालो, "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" तो रडला नाही. त्या रात्री मात्र जमिनीवर चटई टाकून झोपला. "बाबा, आता गादी ओली होणार नाही," एवढेच म्हणाला.

आईने मला बाजूला बोलावले. "अरे, तूही आठ वर्षांचा होईपर्यंत हेच करायचास. वडिलांचा मार विसरलास का?" विसरलो नव्हतो, आठवायचे टाळत होतो. मुलावर निघालेला राग बराचसा माझ्याच जुन्या लाजेचा होता.

पाच वर्षांपर्यंत याला आजार मानतच नाहीत. गाढ झोपेत मूत्राशय भरल्याची जाणीव मुलाला जागे करीत नाही. काही मुलांत रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक अपुरे पडते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. औषध न घेताही दरवर्षी साधारण १५ टक्के मुले यातून बाहेर पडतात.

पालकांनी काय करावे? पाणी दिवसभर पुरेसे द्यावे, झोपण्यापूर्वी तासभर कमी करावे. झोपताना लघवीला पाठवावे. बद्धकोष्ठ असल्यास त्यावर आधी उपचार करावेत. मार, टोमणे आणि चारचौघांत वाच्यता कटाक्षाने टाळावी. लघवीला जळजळ, दिवसाही कपडे ओले होणे, फार तहान लागून वजन घटणे, किंवा सहा महिने बंद राहून त्रास पुन्हा सुरू होणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

दुसऱ्या दिवशी मी मुलाजवळ बसलो आणि "माझं चुकलं" म्हणालो. लहानपणी मीही गादी ओली करायचो, हेही सांगितले. त्याने डोळे मोठे करून विचारले, "मग आजोबा तुम्हाला रागवायचे?" मी "हो" म्हणालो. त्या रात्री तो पुन्हा गादीवर झोपला.

गादी पुढे वर्षभर अधूनमधून ओली होत राहिली. सकाळी चादर मात्र आम्ही दोघे मिळून वाळत घालू लागलो.